कडी बाहेरून, बाळ आत

बाळंतिणीच्या खोलीला बाहेरून कडी! मी बॅग ओटीवर आपटली आणि तिच्या सासूवर ओरडलेच. "हे काय चाललंय? सून आहे की जनावर?"

"माझ्यार कित्याक ओरडतास, सिस्टर? तिनाच सांगल्यान कडी घालूक."

मी कट्टा गावाजवळच्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. बाळंतपणानंतर घरी जाऊन आई आणि बाळ बघायचं, त्याला आम्ही पीएनसी व्हिजिट म्हणतो. बाळाचं वजन, बेंबी, आईचे टाके, दूध. स्नेहलकडे तेवढ्यासाठीच गेले होते. तिला आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालेलं.

कडी काढून आत गेले. शेगडीच्या धुराने डोळे झोंबले. बाळ दुपट्यात झोपलेलं, आणि स्नेहल त्याच्यापासून जमेल तितकी लांब, भिंतीला पाठ लावून. सासूला पेज आणायला पिटाळलं आणि दार लोटून घेतलं.

"झोप लागते का गो?"

"नाय."

"बाळ झोपतं तेव्हा तरी?"

"तेव्हाच जास्त भ्या वाटता." मग खाली बघत म्हणाली, "सारख्या मनात येता, तेका घेऊन बावीत उडी मारूची. माका तेका मारूचा नाय, सिस्टर. म्हणान कडी घालूक सांगलंय."

पोरीने विहिरीची वाट बंद करून घेतली, आणि घरच्यांनी काय केलं? बाळंतिणीपासून बाळ लांब ठेवायचं नसतं, म्हणून दोघांना एकत्र कोंडलं!

बाळ उचलून तिच्या नवऱ्याच्या हातात दिलं. तो गोव्याला हॉटेलात कामाला, रजेवर आलेला. मी दारातच बसून मेडिकल ऑफिसरांना फोन लावला.

"सिस्टर, तिला अजिबात एकटी सोडू नका. गाडी पाठवतो. आजच जिल्हा रुग्णालयात रेफर."

सासू आडवी आली. "देवाक कौल लावलो आसा. अवसेक नारळ देवचो, तवसर तिका व्हाळापलीकडे न्हेवची नाय."

"अमावास्येला नारळ खुशाल द्या. पण बाळाला कावीळ झाली तेव्हा ओढा ओलांडून दवाखान्यात नेलंत ना? तेव्हा देवाला विचारलं होतं?"

ती पुटपुटत राहिली. मी नवऱ्याला समजावलं. बाळंतपणानंतर एखादीचं मन असं आजारी पडतं, त्याला डिप्रेशन म्हणतात. ही बाधा नव्हे, नाटकंही नव्हेत. औषधाने बरं होतं. गाडी आली तसा तो उठला. "आये, मी जातंय तिका घेऊन."

स्नेहल ॲडमिट झाली. गोळ्या लागू पडल्या, हळूहळू झोप लागायला लागली. मानसोपचाराच्या डॉक्टरांनी सासूला समोर बसवून सांगितलं, आता बाळ थोडं थोडं आईकडे देत चला.

कुठलं काय! 'वेड्यांच्या डॉक्टराकडे न्हेलेली' एवढंच गावभर झालं. सासूने तिला विश्रांतीसाठी म्हणून तिच्या भावाकडे धाडलं आणि बाळ ठेवून घेतलं. नवरा गोव्याला परत गेला. फोनवर म्हणतो, आई सांगेल तसं. मी त्या घरी जाऊन चांगली भांडले.

"माझो नातू बावीत गेलो तर तुमी आणून देतलास?" सासूने विचारलं. स्नेहल बरी झाली म्हटलं, डॉक्टरांचं नाव घेतलं. सासू आत निघून गेली.

लसीकरणाच्या दिवशी सासू नातवाला घेऊन येते. स्नेहल पण येते, समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसून बघते. गेल्या खेपेला टोचल्यावर पोर भोकाड पसरून सासूच्या गळ्यात पडलं. ते गेल्यावर स्नेहल माझ्याकडे आली. आता ती नीट जेवते, नीट बोलते, भावाच्या दुकानाचा हिशेबसुद्धा बघते.

"सिस्टर, मी तेव्हा गप रवलंय असतंय, तर बाळ माझ्याकडेच रवला असता मां?"

गप राहिली असती तर कदाचित दोघंही उरली नसती, असं मी म्हटलं. तिने मान हलवली, पण तिला पटलं नाही. मला स्वतःलाच रडू आवरेना.

ट्रेनिंगमध्ये सांगतात, बाळंतिणीला बोलतं करा. मी अजून करते. पण हल्ली एखादीने तोंड उघडलं की मला पहिली भीती तिच्या घरच्यांची वाटते.