लाल दोऱ्याची खूण

आज जुनी कादंबरी झटकली आणि तिच्यातून गोधडीचा लाल दोरा खाली पडला.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. तिथल्या गुढियारी वस्तीतल्या मराठी बायकांना गोधडी शिकवायला मी नागपूरहून जायची. गाडीत या कादंबरीतलं जेवढं वाचून होई, तेवढी त्यातल्या मुलीची गोष्ट टाके घालता घालता त्यांना सांगायची.

त्या दुपारी मी मध्येच थांबले, तशी सुमनकाकूंची सुईही थांबली.

"काहून थांबली? त्या पोट्टीचं पुढं काय झालं?"

"एवढंच वाचलंय, काकू."

त्यांनी दोरा तोडून खुणेसाठी त्या पानात ठेवला. "आता एकटी वाचू नको. पुढचं आमच्यासंगच वाचजो."

मी हो म्हटलं. पुढच्या महिन्यात वर्गच बंद झाला. तरी शब्द पाळला मी.

ती पोट्टी कुठवर पोचली होती, हे आता कुणाला विचारू?