धुऱ्यावरची गांडुळं

सौंसरकडच्या एका संत्र्याच्या बागेत मी आता पाय टाकत नाही. तिच्या म्हाताऱ्या मालकावर माझा राग आहे. मी संत्र्याचा व्यापारी, बागेतला माल झाडावरच विकत घेतो; त्या वर्षीचा सौदा झाल्यावर त्यानं मला डबाभर गांडुळं दिली, आणि ती खाऊन माझ्या मुलीनं जिवापाड जपलेला प्राणी मेला. गावात लोक म्हणतात, एवढ्याशा गोष्टीवरून कोणी इतक्या वर्षांचा व्यवहार तोडतो का? तोडतो. मी तोडला. म्हाताऱ्याची बाजूही सांगतो, पण राग माझा आहे, तो मी ठेवणार.

त्या प्राण्याचं नाव ॲक्सोलॉटल. मला ते नाव नीट म्हणता यायला महिना लागला. वीतभर लांब, फिकट गुलाबी, माशासारखी शेपटी, पण चार पाय, आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना लाल झुपक्यांसारखे कल्ले. बेडकाच्या दूरच्या नात्यातला, पण जन्मभर पाण्यातच राहणारा. तोंडाची ठेवण अशी की सदा हसतोय असं वाटावं. मुलीनं शिकवण्या घेऊन जमवलेल्या पैशांतून तो नागपूरहून आणला, तेव्हा बोटाएवढा होता. पांढुर्ण्यात विहाराजवळ आमचं घर आहे. समोरच्या खोलीत काचेच्या टाकीत त्याची जागा झाली. माझ्या बायकोनं त्याचं नाव ठेवलं जावई.

"काहून जावई?" मी विचारलं.

"मंग काय! आयता बसून खाते, बोलत नाही, अन् पाणी थंडच पाह्यजे."

पाणी खरंच थंड लागायचं. उन्हाळ्यात बर्फाच्या बाटल्या टाकीत सोडाव्या लागत. पण खरी अडचण खाण्याची होती. त्याला हलतं, जिवंत खाणं आवडे. मुलीनं पहिल्यांदा गच्चीवर बादलीत पाणी साचवून डासांच्या अळ्या वाढवल्या. नगरपालिकेची बाई तपासणीला आली आणि बादली पाहून म्हणाली, "आम्ही गावभर डास मारून राहिलो, तुम्ही पोसून राहिले काय?" तिची पाठ वळायच्या आत बायकोनं बादली उपडी केली. मग मुलगी तिगावच्या स्टेशनाजवळच्या हिरव्या डबक्यातून मलमलच्या फडक्यानं पाण्यातल्या पिसवा, म्हणजे ठिपक्याएवढे किडे, गाळून आणू लागली. त्या तो खाई, पण जसजसा वाढला तसं ते चांगल्या धडधाकट गड्याला मूठभर फुटाण्यांवर ठेवण्यासारखं झालं. गांडूळखताची बारीक लाल गांडुळं आणली तर तोंडात घेई आणि थुंके. त्यांच्या अंगातून पिवळा कडू रस निघतो म्हणे. शेवटी एका रोपवाटिकेतल्या जुन्या शेणाच्या ढिगातली जाड, राखाडी गांडुळं त्याला मानवली. एक गिळलं, दुसऱ्यासाठी काचेला तोंड लावून उभा राहिला.

तीच गांडुळं मुलीनं घरी वाढवली. माझ्याच गोदामातली संत्र्याची लाकडी पेटी घेतली, आत ओला पुठ्ठा, वाळलेला पाला, वर्षभर मुरलेलं शेण. खायला लौकीची, म्हणजे दुधीची, सालं, पपईचा गर, उकळलेली चहापत्ती, अंड्याच्या टरफलांचा चुरा. पेटीतून काढलेलं गांडूळ आधी धुवायचं, एक दिवस ओल्या कागदात ठेवायचं म्हणजे पोटातली माती निघून जाते, आणि जावयाच्या डोक्यापेक्षा जाड असेल तर कात्रीनं दोन तुकडे. झाकणावर तिनं कागद चिकटवला होता: संत्रं, लिंबू, कांदा, मीठ टाकू नये.

जुलैत ती शिकायला पुण्याला निघाली. वसतिगृहात प्राणी चालत नव्हता. पुढच्या वर्षी खोली घेतली की नेईन म्हणाली. "बाबा, तोवर तुम्ही सांभाळाल ना?"

मी सवयीनं विचारलं, "मले काय देशील?"

आमच्या घरात कुठलीच गोष्ट घासाघीस केल्याशिवाय झाली नव्हती. शाळेची सहल असो की नवी सायकल, मी नाही म्हणायचो, ती पुढे बोलायची, मी थोडा खाली यायचो, ती थोडी वर. मीच तिला शिकवलं होतं की समोरच्याचं पहिलं नाही हे नाही नसतं, तिथून बोलणं सुरू होतं. त्या दिवशी मात्र ती घासाघीस करायला उभी राहिली नाही. म्हणाली, "काही नाही देणार. फक्त सांभाळा."

मी सांभाळलं. तीन महिने तर असं सांभाळलं की बायको टोमणे मारू लागली. "पोरीले कधी हातानं घास नाही भरवला, अन् जावयाचे लाड पाहा!" खरं होतं ते. मुलगी लहान होती तेव्हा मी बागा पाहत फिरायचो. आता सकाळी बाजारात जायच्या आधी चिमट्यात गांडूळ धरून मी टाकीपाशी उभा राहायचो, आणि तो माझी सावली ओळखून वर यायचा. रविवारी मुलीचा व्हिडिओ कॉल आला की मी फोन टाकीला लावायचो. ती हसायची. मला कधी कोणी असं काम दिलं नव्हतं, ज्यात नफा नाही आणि तरी चुकवावंसं वाटत नाही.

मग आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडाला पिकणाऱ्या संत्र्यांची, तोडणी आली. गोदामात डागी, फुटकी संत्री ढिगानं पडतात. मला काही फुकट गेलेलं पाहवत नाही. झाकणावरचा कागद मी वाचला नव्हता असं नाही, रोज वाचत होतो. पण मला वाटलं, पोरीनं पुस्तकात वाचून लिहिलं असेल. संत्र्यानं आमचं घर उभं केलं, माझी मजुरी सोडवली, तिला पुण्याला पाठवलं, ते संत्रं गांडुळांचं काय वाईट करणार? दोन टोपल्या चिरून पेटीत टाकल्या.

चौथ्या दिवशी गांडुळं झाकणाच्या आतल्या बाजूला चढून चिकटली होती. तिथून पळून जायचं होतं त्यांना. आठवड्यात पेटीत सुतळीसारखे काळे धागे आणि आंबूस वास उरला. मी झाकण लावून टाकलं. मुलीला सांगितलं नाही. रविवारी तिनं विचारलं, "पेटी कशी हाय?" मी म्हटलं, "एक नंबर." आणि फोन टाकीकडे वळवला.

त्याच आठवड्यात सौंसरच्या त्या बागेचा सौदा होता. इथं माझ्या आईची एक गोष्ट सांगावी लागते. माझी आई त्याच बागेत संत्री तोडायला जायची. संध्याकाळी मजुरीवर चार पडकी संत्री तिच्या पदरात टाकली जायची, मेहरबानी म्हणून, वरून. ती घेताना आई मान खाली घालायची आणि मी तिच्या शेजारी उभा असायचो. पुढे मी स्वतः बागा घेऊ लागलो तेव्हा एक नियम केला. सौदा पक्का झाला की त्यावर काहीतरी वरचं मागायचंच, मान वर करून, मोठ्यानं. एखादी टोपली, एखादं कलम, काहीही. गरज नसली तरी. सगळ्या बागवाल्यांना ते माहीत होतं. म्हाताराही दर वर्षी विचारायचा, "बोला भाऊ, यंदा वरचं काय?"

त्या दिवशी मी म्हणालो, "गांडुळं."

म्हातारा खाटेवर बसला होता, तो उठूनच उभा राहिला. "काय म्हणता? इतके वर्सं झाले सौदे करून राहिलो, गांडुळं कोणी मांगितले नाही. मासोळ्या धराच्या हायेत काय?"

"घरी जावई हाय," मी म्हटलं. "त्याले लागते."

तो पोट धरून हसला. मग डबा दिला आणि हातानं दाखवत म्हणाला, "घ्या ना मंग. पण झाडाखालचे नका घेऊ. तिकडं धुऱ्यावरचे घ्या."

धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. तिथली माती कडक, गांडुळं बारीक. झाडाखाली ओलावा, खत, बोटाएवढी जाड गांडुळं. मला वाटलं, म्हातारा चांगला माल राखून हलका माल देतो आहे. पन्नास वेळा असं झालं होतं. अशा वेळी मी समोरच्याला दुसरं वाक्य बोलू देत नाही.

"धुऱ्यावरचे तुम्हाले ठेवा," मी म्हणालो. "देता तर झाडाखालचेच द्या, नाही तर राहू द्या."

"अजी, पण आयका तर..."

"आयकलं. झाडाखालचेच."

त्यानं हात झटकला. "घ्या बाबा. तुमच्याशी कोण बोलते!"

मी स्वतः कुदळ मारली. बाग नजरेनं तोलण्यात माझा हात धरणारा पांढुर्ण्यात नाही. झाडाकडे एकदा पाहून फळ किती निघेल ते मी सांगतो, आणि सहसा चुकत नाही. त्या दिवशी मी ज्या खोडांशी बसून खणत होतो ती सगळी खोडं गुडघ्याच्या वरपर्यंत निळी रंगवलेली होती. पाऊस संपला की मोरचूद आणि चुना कालवून संत्र्याच्या खोडांना लावतात, डिंक्या रोग होऊ नये म्हणून. मला हे लहानपणापासून माहीत आहे. माझ्या आईचे हात त्या निळ्यानं भरलेले मी पाहिले आहेत. लेप नुकताच लावला होता आणि त्यावर एक अवकाळी सर पडून गेली होती. खोडाशी माती निळसर दिसत होती. मी ती बोटांनी बाजूला करून गांडुळं वेचली.

जावयानं ती आवडीनं खाल्ली. तीन दिवस खाल्ली. चौथ्या दिवशी चिमट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाचव्या दिवशी कल्ल्यांचे लाल झुपके आखडून फिके पडले आणि तो एका अंगावर तरंगू लागला. बायको म्हणाली, "पोरीले फोन करा."

"सुधरते दोन दिवसांत."

"अजी, करा ना फोन. तिले काही इलाज माहीत असन."

फोन केला असता तर पेटीचं सांगावं लागलं असतं. मी केला नाही. टाकीचं पाणी बदललं, पुन्हा बदललं. सातव्या दिवशी सकाळी तो तळाशी पालथा पडला होता. तोंड तसंच, हसल्यासारखं.

मग केला फोन. मुलगी रडली नाही. तिनं विचारलं, "काय खाल्लं होतं त्यानं?" मी सौंसरच्या बागेचं सांगितलं. तिनं पुढे विचारलं, "बाबा, खोडं निळी होती काय?"

मी म्हटलं, "होती."

"मोरचुदात तांबं असते. ते याच्या जातीले चालत नाही. थोडंसंही नाही." आणि मग म्हणाली, "ठेवते, क्लास हाय."

मी तडक सौंसरला गेलो. बागेच्या फाटकातूनच ओरडायला सुरुवात केली. विषारी माल दिला, फसवलं, काय तोंडाला येईल ते बोललो. मजूर तोडणी थांबवून पाहत होते. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं.

"म्या म्हटलं होतं, धुऱ्यावरचे घ्या."

"काहून ते नाही सांगितलं!"

"तुम्ही सांगू देल्लं काय?"

मी आणखी मोठ्यानं ओरडलो. तो सौदा मी मोडला, आणि त्यानंतर त्या बागेत गेलो नाही. मला अजूनही वाटतं, त्यानं माझा हात धरून थांबवायला हवं होतं. आईच्या वेळेपासून ओळखत होता तो मला. माणूस तापट आहे हे ठाऊक असल्यावर त्याला नुसतं घ्या बाबा म्हणून सोडतात का?

पंधरा दिवसांनी मुलगी चार दिवसांसाठी आली. टाकी मी धुऊन पुसून ठेवली होती. ती टाकीकडे गेली नाही, सरळ मागच्या पडवीत पेटीपाशी गेली आणि झाकण उघडलं. मी ती पेटी साफ करायला विसरलो होतो. विसरलो नव्हतो, मला उघडवत नव्हती. वाळलेली संत्र्याची सालं, काळे धागे. तिनं झाकणावरचा आपला कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मी वाट पाहत होतो की ती ओरडेल. ओरडण्यात ती माझीच मुलगी आहे. सायकलसाठी तिनं एकदा ताट भिरकावलं होतं. ती ओरडली असती तर मीही ओरडलो असतो, बायको मध्ये पडली असती आणि संध्याकाळपर्यंत आम्ही सगळे जेवायला बसलो असतो.

तिनं बादली आणली, सालं काढली, पेटी धुतली, उन्हात उपडी ठेवली. कोपऱ्यात मातीच्या ढेकळाखाली सात-आठ गांडुळं जिवंत निघाली. ती तिनं कुंडीत सोडली.

जायच्या दिवशी मी म्हणालो, "नागपूरले जाऊ. दुसरा घेऊ. भाव मी करतो."

"नको, बाबा."

मी थोडा वर गेलो. "मोठी टाकी घेऊ. पाणी थंड ठेवाची मशीन येते ना, तीही घेऊ."

"नको."

दुसरं नको पहिल्यासारखंच होतं. ना राग, ना हट्ट, पुढे बोलायला जागाच नाही. तिनं पिशवी उचलली, आईच्या आणि माझ्या पाया पडली आणि स्टेशनवर गेली.

या गोष्टीला आता दोन वर्षं होत आली. कुंडीतली ती गांडुळं मी पुन्हा पेटीत घातली. पुठ्ठा, पाला, जुनं शेण, लौकीची सालं. संत्र्याचा तुकडाही पेटीजवळ जाऊ देत नाही. आता पेटीत हात घातला तर मातीपेक्षा गांडुळंच जास्त लागतात. मधे रोपवाटिकेवाला आला होता, म्हणाला, "विकाचे हायेत काय? बोला, काय घ्यान?" माझ्या तोंडून आकडा निघाला नाही. बायको आतून म्हणाली, "हे अन् भाव सांगत नाहीत? तब्येत बरी हाय ना?"

मुलीनं पुण्यात खोली घेतली आहे. रविवारी तिचा फोन येतो. आईचा गुडघा, गोदाम, पाऊस, सगळं विचारते. मागच्या रविवारी मी मुद्दाम म्हणालो, "पेटीत गांडुळं खूप झाले. एकदम जाड जाड."

"हो काय?" ती म्हणाली. मग, "तुम्ही जेवले काय, बाबा?"

मी म्हटलं, "जेवलो."