लाल खुंटाचं घर

पहिली पाळी सुटल्यावर सायकलने घरी येत होतो. रेल्वेचं फाटक ओलांडलं की आमची गल्ली लांबूनच दिसते. त्या दिवशी गल्लीत माणसं उभी होती. माझ्या दाराशी थोडी, शेजारी दौलतभाऊंच्या दाराशी बरीच. मी सगळ्यांत आधी पाहिलं ते त्यांच्या हातांकडे. कुदळ, पहार, कागद… कोणाच्याच हातात काही नव्हतं, तरी मनात आलं ते एवढंच की, आले. आमची घरं पाडायला आले. सायकलवरून उतरलो. तेवढ्यात कौसल्या, माझी बायको, तोंडाला पदर लावून समोरून आली आणि म्हणाली, "दौलतभाऊ गेले." मी वेड्यासारखा विचारून बसलो, कुठं गेले? इतकी वर्षं संकट एकाच वाटेनं येणार म्हणून त्या वाटेकडे डोळे लावून बसलो होतो, आणि ते आलं शेजारच्या घरातून, चहाची कपबशी हातात असताना. छातीत कळ आली, भिंतीला टेकले, आणि दवाखान्यात न्यायला कोणी गाडी पाहून येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

या गोष्टीला आता महिना होत आला. माझी शाळा चौथीतच सुटली. घरी पाठवायच्या चिठ्ठीपलीकडे मी कधी काही लिहिलेलं नाही, त्यामुळे हे कसं जमेल ते ठाऊक नाही. पण भिलाईत आज माझ्या डोक्यावर जे छप्पर आहे ते ज्या माणसामुळे आहे, त्याच्याविषयी कुठेतरी लिहून ठेवलं पाहिजे असं वाटून राहिलं आहे.

आमचं गाव भंडाऱ्याकडे, वैनगंगेच्या काठी. कारखाना उभा राहतो आहे, माणसं हवीत, असं ऐकून मी आलो तेव्हा इथे नुसती लाल धूळ होती. जिकडे पाहावं तिकडे खड्डे, लोखंड आणि माणसं. कोणी तेलुगू बोले, कोणी पंजाबी, साहेब लोकांत रशियन. मी ठेकेदाराकडे बिगारी होतो. कोणी हाक मारली तरी दचकायचो, कारण ती मला समजणार नाही याची खात्रीच असायची. एका दुपारी पाण्याच्या टाकीपाशी मी दुसऱ्या एका बिगाऱ्याला म्हणालो, "मले बी दे ना थोडं." तर मागून आवाज आला, "कोणत्या गावचा बे?" वळून पाहिलं तर खांद्यावर जाड दोराचं वेटोळं टाकलेला, रुंद छातीचा, पान खाल्लेला माणूस. गोंदियाकडचे दौलतजी. खलाशांच्या टोळीचे जमादार. अवजड लोखंड दोर आणि कप्प्या लावून वर चढवणाऱ्यांना इथे खलाशी म्हणतात. नाव सांगता सांगता माझा आवाज कापला, तेव्हा ते म्हणाले, "अबे, पोलीस नाही मी." दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आपल्या टोळीत ओढून घेतलं. उंचीची भीती वाटते हे कळल्यावर वर चढायला कधी सांगितलं नाही. खाली उभं राहून दोर धरायचं काम दिलं आणि टोळीला सांगून टाकलं की, भेकड माणूस दोर घट्ट धरते. सगळे हसले. मीही हसलो. खरं तर मला रडू येत होतं, इतकं बरं वाटलं होतं.

कारखान्याच्या कायम नोकरांना वसाहतीत, म्हणजे सेक्टरमध्ये, क्वार्टर मिळत, नळ आणि दिवे असलेले. आम्हा ठेकेदाराच्या माणसांना बांबूच्या तट्ट्यांच्या झोपड्या. कौसल्येला मी तिथेच आणलं होतं आणि तिथेच आमचं पहिलं मूल तापानं गेलं. त्या झोपडीत पाणी वरूनही यायचं आणि खालूनही. ती माहेरी गेली. पुढे तिला पुन्हा दिवस गेले तेव्हा सासऱ्यांनी निरोप पाठवला की, पोरगी आता तट्ट्यात येणार नाही. आपलं म्हणावं असं घर असेल तर पाठवतो, नाहीतर ती इथेच राहील. त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण गावी परत जाऊन मी करणार काय, आणि इथे घर घेणार कुठं? दौलतभाऊंना सांगितलं तर ते म्हणाले, "मंग पाहू ना घर. घर काय आपोआप चालत येणार हाय?"

सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं हिंडायला लागलो. आधी कारखान्याच्या फाटकाजवळची वस्ती पाहिली. काम जवळ, पण तिथली माणसं एकच बोलत होती, आता घरांची कोणती ओळ उठवणार. मग दुर्गला गेलो. तिथे खोल्या पक्क्या होत्या. पण बायको गरोदर आहे म्हटल्यावर घरमालकीण म्हणाली, बाळंतपण आमच्या घरात नको, सुवेर संपल्यावर या. तिसऱ्या खेपेला चरोद्याच्या अलीकडचं हे जुनं गाव पाहिलं. मातीच्या भिंती, कवेलूचं म्हणजे कौलांचं छप्पर, दोन खोल्या, मागे थोडं परस. पलीकडे रेल्वेची नागपूरकडची माणसं राहत, त्यामुळे विहिरीवर मराठी कानावर पडलं. किती दिवसांनी बाईमाणसाच्या तोंडून मराठी ऐकलं होतं! तिथेच माझं मन बसलं. घर विकणारा छत्तीसगढी शेतकरी होता. त्याची शेतं कारखान्यात गेली होती आणि तो लेकीच्या गावी निघाला होता. दारावर हात फिरवत तो म्हणाला, "घर तो बने हे भइया. फेर डर घलो हे." घर चांगलं आहे, पण भीतीही आहे. त्याच्या गल्लीपर्यंत अजून कोणी आलं नव्हतं, पण शेतंही अशीच एके दिवशी गेली होती. मी दौलतभाऊंच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांनी मला विचारलं, भीती कुठं नाही ते दाखव, तिथं घेऊ.

घर घेतलं. कौसल्येला आणायला जायच्या आधी भिंतींना पांढरी माती लावत होतो. तीन दिवस तेच चाललं होतं. एका दुपारी कामावरून आलो तर अंगणात, दारापासून हाताच्या अंतरावर, लाकडी खुंट ठोकलेला. डोकं लाल रंगवलेलं. शेजारचं घर त्याच शेतकऱ्याच्या भावाचं, रिकामं पडलेलं. त्याच्याही अंगणात तसाच एक.

या मुलखात त्या खुंटाचा अर्थ लहान पोरालाही कळत होता. आधी खुंट येतो, मग चुन्याची रेघ, मग ट्रक. जिथे आज भट्ट्या उभ्या आहेत तिथली गावं अशीच गेली. मी तसाच पळत दौलतभाऊंकडे गेलो. म्हणालो, मी तो खुंट उपटून विहिरीत टाकतो, कोणाला कळणार आहे? त्यांनी माझं मनगट धरलं. "हात नको लावू," ते म्हणाले. "दुसऱ्यानं बांधलेल्याले आपण हात लावत नाही ना? मंग?"

खलाशांचा हा नेम होता. वर ओझं टांगलेलं असताना ज्यानं गाठ मारली त्यानंच ती सोडायची. दुसऱ्यानं हात लावायचा नाही, कारण ती कशाच्या भरवशावर मारली आहे ते बांधणाऱ्यालाच ठाऊक. दौलतभाऊंसाठी खुंटही तसाच. ज्यानं ठोकला त्याला शोधायचं, तो काढील. मला ते वेडेपण वाटलं. पण त्यांच्या शब्दाबाहेर जायची माझी हिंमत नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी आणि स्वतःसाठी रजा घेतली आणि आम्ही मोजणीवाल्यांना शोधत उन्हातून निघालो. एका तंबूत सांगत, आमचा नव्हे, पुढे जा. पुढच्या तंबूत तेच. तिसऱ्या प्रहरी मोहाच्या झाडाखाली भाकर खात बसलेला, मोजणीची साखळी ओढणारा माणूस सापडला. हो म्हणाला, त्या गल्लीतले खुंट मीच ठोकले. दौलतभाऊ त्याच्याजवळ उकिडवे बसले. आधी त्याचं गाव विचारलं, त्याला तंबाखू दिली, मग अगदी शांतपणे विचारलं की, लाइन, म्हणजे ती चुन्याची रेघ, तिथून जाणार आहे का. तो म्हणाला, "इधर से भी जा सकती है, उधर से भी. हमको कौन बताता है?" तर मग तुमच्या हातानं काढून द्या, दौलतभाऊ म्हणाले. तो हसला. वाईट हसला नाही, थकलेला हसला.

"मैं ठोकता हूँ भाई. निकालता नहीं."

परतताना रेल्वेच्या फाटकापाशी आल्यावर मी म्हणालो, सासऱ्यांना चिठ्ठी टाकतो. कौसल्येला पाठवू नका म्हणून.

"येऊ दे तिले," दौलतभाऊ म्हणाले.

"अन् खुंट?"

"खुंट राहीन. आपण बी राहू."

आपण म्हणजे तू, असंच मी समजलो. त्याच सुमारास दौलतभाऊ कायम झाले होते आणि सेक्टरमधल्या क्वार्टरसाठी त्यांचा नंबर लागला होता. वयनी, म्हणजे त्यांच्या घरच्या, नळाची तोटी कशी फिरवतात ते सगळ्यांना हातानं करून दाखवत. आठ दिवसांनी मी अंगण सारवत होतो तर शेजारच्या रिकाम्या घरापुढे बैलगाडी थांबली. आधी उतरली पेटी, मग पाटावरवंटा, मग फुगलेलं तोंड घेऊन वयनी. मला पाहताच म्हणाल्या, "या भाऊजी, पाहा तुमच्या भाऊचं डोकं. नळाचं घर सोडलं अन् खुंटाचं घेतलं." मागून दौलतभाऊ म्हणाले, "तुले म्हैस पाहिजे होती ना? बांधाले सोय झाली." त्या रागातही वयनी हसल्याच. मी मात्र हसू शकलो नाही. त्यांना बाजूला घेऊन विचारलं, दौलतभाऊ, हे काऊन केलं? त्यांनी पान थुंकलं, खुंटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "एक घर असलं का कोणी बी पाडते. दोन असले का दोनदा विचार करावा लागते." बस. या विषयावर पुढे कधीही त्यांनी एवढंही सांगितलं नाही.

कौसल्या आली. वयनींच्या हातावर माझी मुलगी जन्मली, त्या दोन खोल्यांत, आणि कोणी सुवेराचं नाव काढलं नाही. भट्टीचा लाल उजेड आभाळात चढला की कौसल्या घाबरून दार लावून घ्यायची. वयनी पलीकडून हाक द्यायच्या, "अवो, गाव नाही जळून राहिलं, लोखंड होय ते!" मी घाबरायचो ते जीपला. गल्लीच्या तोंडाशी धूळ दिसली की मी दारामागे. दौलतभाऊ खांद्यावर पंचा टाकून सरळ समोर जात, खाट टाकून देत, पाणी देत. मग जीपवाला पत्ता विचारून, नाहीतर इकडेतिकडे पाहून निघून जाई. पुढे मीही कायम झालो, क्वार्टरसाठी अर्ज टाकता आला असता, पण ते घर सोडवेना आणि त्यात नीट राहवेनाही. ओटा बांधायचा म्हटलं की मला वाटे, उद्या आले तर? परसात लिंबू लावायचा म्हटलं तरी तेच. दौलतभाऊ चिडत. "घर घेतलं का भाड्यानं आणलं बे?" मग स्वतः विटा आणून, मला हाताशी घेऊन त्यांनी माझा ओटा बांधून दिला. कवेलू बदलायला लावले. लिंबाला आता फळं येतात. त्यांच्या स्वतःच्या घराला ओटा कधी झाला नाही. आज करू, उद्या करू. मला वाटे, आळस. दिवसभर लोखंड ओढणारा माणूस, घरी कशाला ढोरमेहनत करील?

खुंटाचं म्हणाल तर तो अजून आहे. लाल रंग गेला, वाळवीनं अर्धा खाल्ला, पण आहे. लाइन इधर से जाईल की उधर से, ते आजवर कोणी सांगितलेलं नाही. दौलतभाऊ होते तोवर त्या भीतीला एक माणूस पुढे उभा होता. आता धूळ दिसली की पुढे कोण जाणार, हा विचार मनात येतो…

तेरवीनंतर पाहुणे गेले तेव्हा वयनींनी मला बोलावलं. त्यांच्या आतल्या खोलीत मी इतक्या वर्षांत कधी पाय ठेवला नव्हता, तशी वेळच आली नव्हती. आत गेलो आणि दारातच थांबलो. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आढ्याच्या लाकडांना दोर बांधलेले. कपडे, भांड्यांच्या पिशव्या, कंदील, देवाची तसबीर, पोरांची दप्तरं, सगळं त्या दोरांना लटकलेलं. प्रत्येक गाठ अशी की एक टोक ओढलं की सुटावी. चारी भिंती कोऱ्या. खुंटी नाही, फळी नाही, कोनाडा नाही.

"त्याईचंच काम," वयनी म्हणाल्या. "खिळा ठोकू देत नव्हते भाऊजी. म्हणत, गाडी दारात आली का अर्ध्या घंट्यात निघता आलं पाहिजे. रोज संध्याकाळी एक एक गाठ पाहत. लय भेव वाटे त्याईले."

माझा ओटा बांधताना विटेवर वीट ठेवणारे त्यांचे हात डोळ्यांपुढे आले.

वयनींनी पदराखालून काचेच्या चौकटीतला फोटो काढला. कारखान्याच्या पाससाठी काढलेला, मोठा करून आणलेला. त्यात दौलतभाऊ कॅमेऱ्याकडे असे पाहतात की आता विचारतील, कोणत्या गावचा बे. म्हणाल्या, हा दोराला नाही टांगायचा. हातोडी कौसल्येनं आमच्या घरून आणून दिली. पहिल्या ठोक्याला पोपडा पडला, खिळा वाकडा गेला. बाहेर कुठेतरी गाडीचा आवाज आला तसा मी थांबलो आणि दाराकडे पाहिलं.

"ठोका भाऊजी," वयनी म्हणाल्या.

मी दुसरा खिळा घेतला आणि ठोकला.