घरी विचारल्याशिवाय नाही

आक्कांचं चार पानी साप्ताहिक सरकारच्या डोळ्यांत सलत होतं. लढाईत आपलं कुणी मेलंच नाही, असं सरकार म्हणे. आक्का मेलेल्या सैनिकांची नावं छापत. मात्र घरी फोन करून विचारल्याशिवाय एकही नाव नाही, मग आभाळ कोसळो.

आज इन्स्पेक्टर टाळं घेऊनच छापखान्यात आला.

"ठोका खुशाल, साहेब! पण एक घर राहिलंय. दुपारपासून मेला फोन उचलत नाहीत," आक्का फणकारल्या आणि त्यांनी पुन्हा नंबर लावला.

इन्स्पेक्टरचा खिसा थरथरला. त्याने वैतागून फोन काढला. "हा कोण दुपारपासून डोकं खातोय..."

आक्कांनी कानाचा फोन हळूच खाली घेऊन बंद केला. त्याच्या हातातला थरथरायचा थांबला.

"दादा," त्या म्हणाल्या, "आधी बसा."