एका बोटात मावणारे शब्द

आमच्या चुलत सासूबाईंइतकं सावकाश वाचणारं माणूस बीड जिल्ह्यात काय, अख्ख्या मराठवाड्यात सापडायचं नाही. लग्नपत्रिका हातात पडली की त्या वरच्या श्रीगणेशापासून सुरुवात करायच्या आणि 'आपले नम्र'पर्यंत पोचेस्तोवर तिकडे पंगती उठलेल्या असायच्या. हे मी थोडं वाढवून सांगते आहे, पण फार नाही. आम्ही सगळ्या त्यांना काकू म्हणायचो. काकूंना अक्षरओळख झाली तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली होती, आणि त्यांना शिकवल्याचं पाप म्हणा, पुण्य म्हणा, माझ्याच माथी आहे.

लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस पडला नाही आणि गावाबाहेरच्या माळावर गुरांची छावणी उघडली, तेव्हाची गोष्ट. गावातल्या बायका दिवसभर आपापल्या गुरांपाशी बसून असायच्या. मी नवी सून, बारावी शिकलेली, म्हणून दुपारचा साक्षरता वर्ग माझ्या गळ्यात पडला. मी फळ्यावर मोठ्या झोकात 'क कमळाचा' लिहिलं. काकू आपल्या गायीच्या अंगावरच्या गोचिडा काढत होत्या. त्यांनी फळ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सूनबाई, प्यायला पानी न्हाई अन् तू कमळ कावून लावती?" सगळा वर्ग पदर तोंडाला लावून हसला. माझा चेहरा एवढासा झाला, आणि बाराखडीने तिथेच मान टाकली.

दुसऱ्या दिवशी काकूच शिकवायला बसल्या. उमेदीची वर्षं त्यांनी कारखान्यांवर ऊसतोडीत घातलेली. त्या म्हणाल्या, "ऊस काय कुनी शेंड्यापासून एकदम तोंडात घालतंय का? पेर-पेर मोडून खातोत. शब्द बी तसाच खायाचा. आदी मोडायचा, मग चावायचा. तवा गोड लागतोय." बोटालाही तीन पेरं असतातच. काकूंनी उजव्या हाताचा अंगठा करंगळीच्या खालच्या पेरावर टेकवला आणि म्हणाल्या, "छा." अंगठा एक पेर वर सरकला, "व." आणखी एक, "णी." सोसायटीच्या कागदांवर शाईचा ठसा उठवण्यापलीकडे ज्या अंगठ्याने कधी काही केलं नव्हतं, तो आता शब्द मोजायला लागला. त्या शब्द मोडायच्या, मी एकेक पेर फळ्यावर लिहायचे. आठवडाभरात तीसेक बायका करंगळीवर अंगठा सरकवत बोलू लागल्या. छावणीत येणाऱ्या माणसाला वाटायचं, इथे कसला तरी जप चालू आहे.

इथवर ठीक होतं. पण काकूंनी त्यातून एक सिद्धांत काढला, आणि एकदा काढला म्हटल्यावर तो कुणाच्या बापाला खोडता येत नव्हता. "एका बोटात मावतोय तो शब्द आपला. दुसऱ्या बोटावर गेला की त्याच्यात कायतरी लपवलेलं हाय." दूध, पाणी, चारा, भाकर, लेकरू, सगळे एका बोटातले. ग्रामपंचायत दुसऱ्या बोटावर. मी शिकलेपणाच्या तोऱ्यात वाद घालायचे. म्हणायचे, "काकू, दुष्काळसुद्धा एका बोटात मावतो." त्या म्हणायच्या, "मग? दुष्काळ लई आपला हाय. त्यानं कवा काय लपवलंय?" मी म्हणायचे, "आणि सहकार?" काकू करंगळीवर मोजून बघायच्या. "मावतोय," म्हणायच्या, "पन जरा दाटीनं बसतोय."

एकदा त्यांना माहेरी, घाटनांदूरला, जायचं होतं. मी सोबत फाट्यावर गेले. एस.टी. आली. काकूंनी कुणाला विचारायचं नाही असं ठरवलेलं, म्हणून त्या गाडीच्या तोंडासमोर उभ्या राहिल्या आणि पाटी वाचायला लागल्या. "मां... जर... सुं..." ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, कंडक्टर दारातून ओरडला, मी त्यांना बाजूला ओढलं. गाडी धूळ उडवत गेली. "बा," काकूंनी धुळीत शब्द पुरा केला आणि शांतपणे गाठोड्यावर बसल्या. "जाऊ दे. आपली नव्हतीच ती. घाटनांदूरला तीनच पेरं हाईत." पुढच्या गाडीला आम्ही दोन तास बसलो. मला राग आला होता, तो सगळ्या तिटकाऱ्यासकट आठवतो.

आता त्या सभेचं सांगते. आमच्या गावात बायकांची दूध संस्था होती. संस्था म्हणजे काय, तर देवळाशेजारची एक खोली, वजनकाटा आणि फॅट तपासायचं यंत्र. काकूंना मूलबाळ नव्हतं, नवरा जाऊन दहा वर्षं झाली होती आणि गुडघे कामातून गेले होते. एक गाय होती. तिचं दूध सकाळ-संध्याकाळ त्या खोलीत घालायचं, एवढ्यावर त्यांचं एकटीचं घर चाले. सांधेदुखीने त्यांना छावणीपासून देवळापर्यंतच जेमतेम जाता यायचं. देवळाच्या पलीकडचं जग त्यांच्यासाठी एस.टी.चं होतं.

छावणीतच दुपारी संस्थेची सभा भरली. तालुक्याहून एक साहेब आले होते. आमच्याकडची रीत अशी, की साहेबांनी ठराव एका दमात वाचायचा, शेवटी "मंजूर?" विचारायचं, बायकांनी "मंजूर" म्हणायचं आणि अंगठे उठवायला रांग लावायची. साहेबांनी तसंच वाचलं. मला वाटलं, सगळं कळलं. मी शिकलेली म्हणून पहिली सही माझी, आणि ती मी झोकदार केलीसुद्धा. मग शाईचा पॅड काकूंपुढे आला. त्यांनी अंगठा पदराखाली घेतला. "सायेब, पेरा-पेरानं वाचा."

साहेब हसले आणि म्हणाले, "मावशी, तुम्हीच वाचा मग." त्यांना वाटलं, विषय संपला. काकूंनी कागद मांडीवर घेतला. पहिल्या दोन ओळींना इतका वेळ लागला की साहेबांचा चहा गार झाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. माझी विद्यार्थिनी चारचौघांत अडखळत होती, आणि मी खाली मान घालून बसले होते. तेवढ्यात त्या एका शब्दापाशी थांबल्या. "वि... ली... नी..." करंगळी संपली. अंगठा शेजारच्या बोटावर गेला. "क... रण." मागच्या बायकांचेही अंगठे दुसऱ्या बोटावर आले होते.

"ह्याच्यात काय लपलंय, सायेब?"

"एकत्रीकरण, मावशी."

"ते बी दुसऱ्या बोटावरच गेलं. एका बोटात मावंल असं सांगा."

साहेबांनी रुमालाने मान पुसली. त्यांनी तीन-चार शब्द काढून पाहिले, एकही मावेना. शेवटी ते हळूच म्हणाले, "म्हणजे इथलं केंद्र बंद. दूध पुढच्या गावात घालायचं." पुढचं गाव दोन कोसांवर. काकूंनी आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग गायीकडे. मग मागे वळून बायकांना विचारलं, "काय गं? मंजूर?" मागून एकीने करंगळीवर अंगठा टेकवला आणि म्हणाली, "ना... मं... जूर." मग दुसरी, मग सगळ्याच. शब्द एका बोटात चोख बसत होता. साहेबांनी ठराव घडी करून खिशात घातला. माझी सही मात्र काकूंनी मलाच खोडायला लावली. "लई फर्मास हाय," त्या म्हणाल्या, "पन घाईत केलतीस." केंद्र त्या वर्षी राहिलं आणि गायही राहिली.

त्यानंतर मी काकूंशी कधी वाद घातला नाही. म्हातारपणी त्यांना मी माझ्याकडेच आणलं. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली आणि उजवा हात गेला, म्हणजे त्यांचं सगळं वाचनच गेलं. मी त्यांच्या उशाशी बसून पेपर वाचायचे. भरभर वाचायला लागले की त्या डाव्या हाताने माझी करंगळी धरायच्या आणि अंगठा पेरांवरून सरकवायच्या, मग मला मुकाट्याने मोडून मोडून वाचावं लागे. एका दुपारी मी पेपर उघडलाही नव्हता. त्यांनी माझी करंगळी धरली. एक पेर, दुसरं, तिसरं. मी विचारलं, "गोधडी?" त्यांनी मान हलवली. "डागतर?" नाही. पुन्हा तीन पेरं, आणि माझ्याकडे बघत राहिल्या. तेव्हा मला कळलं. "सून... बा... ई," मी म्हणाले. काकूंनी डोळे मिटले, पण बोट सोडलं नाही.

त्या जाऊन आता वर्ष होईल. मला त्यांची फार आठवण येते. सूनबाई म्हणणारं घरात कुणी उरलं नाही, आणि दुसऱ्या बोटावर जाणारे कागद मात्र टपालाने रोज येतात. सही करण्याआधी मी करंगळीवर अंगठा टेकवते.