घोरणं थांबल्यावर

लालबागच्या चाळीत आमच्या गावाची एक खोली आहे. गाव कणकवलीच्याही पुढे. आठवीतून शाळा सोडून मुंबईला आलो तेव्हापासून माझी वळकटी तिथेच. रात्री कॉटन ग्रीनला गोदामावर पहारा आणि दिवसा खोलीतल्या इतर रात्रपाळीवाल्यांबरोबर झोप.

माझ्या घोरण्याची खोलीत फार थट्टा चालायची. ते मध्येच थांबलं की म्हणायचे, चला, सुटलो. खोलीतल्या सर्वांत जुन्या काकांच्या एकदा लक्षात आलं, की तेव्हा माझी छाती नुसती धडपडते, नाकापुढे वारा नसतो. तेच मला परळला डॉक्टरकडे घेऊन गेले. नाहीतर मी कसला जातोय.

झोपेची तपासणी झाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, तुमचा जबडा मुळातच मागे आहे, झोपेत जीभ घशात पडते आणि श्वास कोंडतो. मास्कचं मशीन लावून पाहिलं, पण झोपेत मीच ते ओढून काढायचो. शेवटी वरचा, खालचा दोन्ही जबडे कापून पुढे घ्यायचं ठरलं. चेहरा कसा दिसेल, हे मी विचारलंच नाही. विचारलं ते एवढंच, "मी उठेन ना?" आईला फोनवर दाढेचं ऑपरेशन म्हणून सांगितलं.

खोलीवर परत आलो तेव्हा तोंड भोपळ्यासारखं सुजलेलं, ओठ बधिर, दात रबरांनी बांधलेले. काकांनी पेज गाळून दिली, ती सिरिंजने प्यालो. दुपारी उशांना टेकून पडलो, तसा डोळा लागला.

कुणीतरी गदागदा हलवलं. बघतो तर काका आणि दोघं गाववाले माझ्यावर वाकलेले, काकांचं बोट माझ्या नाकाखाली. माझा आवाज येईना म्हणून सगळे घाबरले होते. ठीक आहे, अशी मी हाताने खूण केली. थोड्या वेळाने पुन्हा उठवलं. मग पुन्हा. शेवटी काकाच वैतागले, "जरा घोर रे मेल्या. आमका झोप येवची नाय."

हसायला गेलो तर कळ आली. तुम्ही बिनघोर झोपा, असं त्यांना खुणेने तरी सांगायला हवं होतं. पण तेवढा भरवसा मलाच नव्हता. सूज उतरल्यावर पुन्हा तपासणी व्हायची होती, त्याआधी डॉक्टरबाईसुद्धा काही बोलायला तयार नव्हत्या. मी काकांचा हात धरला, बोट परत नाकाखाली ठेवलं आणि डोळे मिटले.

त्यांनी ते कधी काढलं, मला माहीत नाही.