शेतकरी क्रमांक चार

कडूबाईचा नवरा भुजंग दहा वर्षं एका पुस्तकाची वाट बघत होता. पुस्तक परभणीच्या विद्यापीठात, हा ताडकळसला. मधे एसटीचा तासाभराचा रस्ता. पण गडी गेला नाही. "पत्रिका आल्याबिगर लग्नाला कोन जातं का?" म्हणायचा. भुजंगराव मानाचे मोठे! वाट बघता बघता गेल्या साली देवाघरी गेले, ते मात्र बोलावणं यायच्या आतच.

झालं होतं असं. विद्यापीठातली सविता नावाची पोरगी प्रबंधासाठी त्यांच्या रानात ज्वारीचा प्रयोग करायला यायची. सगळी रब्बी आली. पिकाच्या ताटांची उंची मोजायची, वहीत लिहायची आणि दुपारी कडूबाईच्या हातची भाकरी खायची. लेकरूबाळ नसलेल्या घराला तिच्या बडबडीनं जाग आली होती. जाताना म्हणाली, "मामा, तुमचं नाव माझ्या बुकात छापून येणार." झालं! भुजंगनं ते आठवडी बाजारात दहा जणांना सांगितलं, आणि पुढं दहा वर्षं एकच विचारणा, "काय भुजंगराव, आलं का बुक?" तो हसायचा. घरी आल्यावर मात्र हसायचा नाही, हे कडूबाईलाच ठाऊक.

वर्षश्राद्ध उरकलं आणि तिनं ठरवलं, मान गेला खड्ड्यात, आपणच जायचं. त्यांचं नाव पुढं चालवायला कुणी नाही. निदान छापलेलं एकदा डोळ्यानं बघायचं.

ग्रंथालयाच्या दारात आधार कार्ड दाखवून, रजिस्टरावर अंगठा उठवून ती प्रबंधांच्या खोलीत पोचली. पोरं आता प्रबंध मोबाइलवरच वाचतात, त्यामुळं खोलीत निवृत्तीला टेकलेला कारकून बन्सीधर एकटाच होता. माणूस आलेलं बघून त्यालाच बरं वाटलं.

"कोणाचा प्रबंध पाहिजे, मावशी? नाव, साल, विभाग?"

"सविता."

"सविता लय हायत. आडनाव?"

"ते न्हाई ठावं. जेवायला वाढताना आडनाव कोन इचारतं?"

"बरं, साल तरी?"

"गारा पडल्या बघा, पत्रे फुटले, त्या सालचं."

ते साल परभणीत कुणाला सांगावं लागत नाही. बन्सीधरनं त्या वर्षीचे ज्वारीचे प्रबंध काढले, तिसऱ्यात ताडकळस सापडलं. "घरी न्यायला मिळत न्हाई. हितंच बसून बघा," तो म्हणाला. कडूबाईनं पदराला हात पुसले आणि काळ्या पुठ्ठ्यावर ठेवले.

मजकूर इंग्रजी. बन्सीधर बोट फिरवत आभाराचं पान मराठीत सांगू लागला. मार्गदर्शक, विभागप्रमुख, आईवडील, वसतिगृहातल्या मैत्रिणी, टायपिंग करणारा सुद्धा नावानिशी.

"आन् आमचे मालक?"

"सहकार्य करणाऱ्या शेतकऱ्यांचे आभार, असं हाय."

"नाव?"

त्यानं पानं उलटली. एका तक्त्यावर बोट थांबलं. "हे बघा. शेतकरी क्रमांक चार, ताडकळस." मग खालच्या आवाजात म्हणाला, "नावं टाकत न्हाईत, मावशी. रीत हाय तशी."

कडूबाईच्या डोक्यात तिडीक गेली. खाऊ घातलेलं काढून दाखवू नये म्हणतात, म्हणून ती भाकरीबद्दल बोलली नाही. पण एका आकड्यासाठी माणूस दहा वर्षं झुरला, याचं तिला फार वाईट वाटलं. ती उठायला लागली, तेवढ्यात बन्सीधरनं शेवटची फोटोंची पानं उघडली.

ज्वारीत एक माणूस मोजपट्टी धरून उभा होता. उंची पिकाची दाखवायची, म्हणून फोटो त्याच्या गळ्याशीच कापलेला. पण पट्टी धरलेल्या हाताचा अंगठा अर्धाच होता. कडबाकुट्टीत गेलेला तो अंगठा तिनंच पदर फाडून बांधला होता.

"हेच," ती म्हणाली आणि बराच वेळ तिथून बोट उचललं नाही. मग म्हणाली, "हितं त्यांचं नाव लिव्हा."

"बुकाला पेन लावता येत न्हाई, मावशी." त्यानं पानाची झेरॉक्स काढली, तिच्यावर फोटोखाली पेन टेकवला. "सांगा."

"भुजंग माणिकराव आंबोरे. छापल्यावानी काढा."

बन्सीधरनं एकेक अक्षर कोरून काढलं.

परतीच्या एसटीत तिनं मनाशी उत्तर घोळवलं: आलं की, फोटोसकट आलं. ताडकळसला बाजार भरला होता. भुजंगला सगळ्यांत जास्त छेडणारा सिताराम स्टँडवरच भेटला.

"वैनी, कुटं गेलत्या?"

"परभनीला." ती पिशवी छातीशी धरून थांबली. आता विचारील, मग विचारील.

"उन्हाचं कशाला हिंडता," म्हणून तो बैलांच्या बाजाराकडं निघून गेला. ती थट्टा भुजंगबरोबरच संपली होती.

घरी लग्नाच्या पत्रिका तारेला ओवलेल्या असत. अंगठ्याला भोक पडणार नाही असा कोपरा बघून कडूबाईनं कागद तारेत ओवला. मग, दहा वर्षं बुकाची वाट बघितलेल्या त्या रिकाम्या घरात तिनं स्वतःच विचारलं, "आलं का बुक?"

आणि स्वतःच म्हणाली, "आलं."